स्वच्छ झऱ्याचं पाणी

हंगेरीत २००५ साली एक बँड सुरू झाला. नाव जरा लांबलचक आहे, 'वाग्ताझो चोडासर्वाश'. अर्थ साधारण 'चौखूर धावणारं अद्भुत हरीण'. बँडचा म्होरक्या आटिला ग्रांपिएर हा व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ. बुडापेस्टच्या कोंकोली वेधशाळेत त्याने सूर्यावर संशोधन केलं. आणि हा माणूस स्टेजवर उभा राहून असा काही गातो, की पहिल्यांदा ऐकताना आपण आवाज कमी करायला धावतो. विजेवरची गिटार नाही, सिंथेसायझर नाही. साधी लाकडाची, तारांची, कातड्याची वाद्यं आणि माणसाचा गळा. बँडचं म्हणणं असं, की हजार वर्षांपूर्वी हंगेरियन लोक ख्रिस्ती होण्याआधी त्यांच्या शामानांचं जे संगीत होतं, त्यातली शक्ती आम्ही परत जागी करतोय.

शामान म्हणजे कोण? सायबेरियातल्या तुंगूस लोकांच्या भाषेतून आलेला हा शब्द. ढोल वाजवत, गात तंद्रीत जाणारा, आजाऱ्याला बरं करणारा, मेलेल्यांशी बोलणारा माणूस. आपल्याकडे 'अंगात येणं' म्हणतात त्याची आठवण होईल, पण अभ्यासक सहसा एक फरक सांगतात. आपल्याकडे देव माणसाच्या अंगात येतो, तर शामानाचा जीव अंगातून बाहेर पडून वरच्या किंवा खालच्या लोकात जाऊन येतो. ढोल हा त्याचा घोडा. हंगेरियन लोककथांमध्ये अशा माणसाला 'तालतोश' म्हणतात.

आमच्या नाशिकच्या काकांना मी या बँडची दोन-तीन गाणी ऐकवली. काका स्वतः गेली कित्येक वर्षं आमच्या घराण्याचं मूळ गाव शोधतायत, जुने कागद, कुलदैवत, सगळं चालू आहे. गाणी संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ते सगळं ठीक आहे रे, पण हे खरं आहे का? म्हणजे त्या शामानांचं संगीत असंच होतं हे यांना कळलं कुठून?" मी म्हटलं, "काका, नीट वाचून सांगतो तुम्हाला." त्या वाचनातून हा लेख झाला. लांबला आहे, चहा घेऊन बसा :)

आधी थोडा इतिहास. मॅज्यार टोळ्या, म्हणजे आजच्या हंगेरियन लोकांचे पूर्वज, पूर्वेकडच्या गवताळ प्रदेशातून इ.स. ८९५ च्या सुमारास कार्पेथियन पर्वताच्या आतल्या सपाट मुलखात उतरले. शंभरेक वर्षं त्यांनी युरोपभर घोडे फेकले. मग इ.स. १००० च्या सुमारास इश्त्वान (म्हणजे स्टीफन) हा ख्रिस्ती राजा म्हणून अभिषिक्त झाला आणि देशाचा धर्म बदलला. त्याआधी त्याचा नातलग कोपानी त्याच्याविरुद्ध उभा राहिला होता. कोपानी हरला आणि त्याच्या देहाचे चार तुकडे करून किल्ल्यांवर टांगले गेले. १०४६ साली परत जुन्या धर्मासाठी मोठा उठाव झाला, त्यात गेल्लेर्त नावाचा बिशप मारला गेला. बुडापेस्टमधली गेल्लेर्त टेकडी त्याच्याच नावाची. तोही उठाव मोडला.

यातली मला सगळ्यात जास्त आवडलेली नोंद त्यानंतरची आहे. १०९२ साली लास्लो राजाच्या काळात सबोल्च गावी धर्मसभा भरली. तिथे ठरलं की जो कोणी जुन्या रीतीने विहिरीजवळ बळी देईल, किंवा झाडांना, झऱ्यांना, दगडांना नैवेद्य दाखवेल त्याला दंड, एक बैल. म्हणजे अभिषेकाला नव्वद वर्षं होऊन गेली तरी लोक झऱ्यावर जातच होते. उगाच कोणी कायदा करत नाही. हा झरा लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

आता काकांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच मिळतं. त्या काळातल्या तालतोशांचं एकही गाणं कोणी लिहून ठेवलेलं नाही. सुरावट नाही, शब्द नाहीत, त्यांच्या हातचा ढोलही उरलेला नाही. लिहिणारे सगळे मठातले होते, आणि ज्याला दंड करायचा ते गाणं कशाला लिहून ठेवतील?

मग उरलं काय? बारीकसारीक गोष्टी. सिमोन केझाई नावाच्या धर्मगुरूने १२८० च्या दशकात लिहिलेल्या बखरीत एक कथा आहे. हुनोर आणि मागोर हे दोन भाऊ शिकारीला जातात, त्यांना एक हरिणी दिसते, ते तिचा पाठलाग करत अझोव समुद्राच्या दलदलीपर्यंत पोचतात आणि ती नाहीशी होते. तिथेच ते वसतात आणि त्यांच्यापासून हूण आणि मॅज्यार झाले. बँडच्या नावातलं अद्भुत हरीण ते हेच. दुसरी गोष्ट 'रेगोश' गाणी. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवसापासून नव्या वर्षापर्यंत, ऐन कडाक्याच्या थंडीत, तरुण पोरांचं टोळकं काठ्या आपटत, मडक्याला कातडं लावून केलेलं घुमणारं वाद्य वाजवत दारोदार जायचं आणि घराला सुबत्ता चिंतायचं. त्या गाण्यांमध्ये एक हरीण येतं, त्याच्या कपाळावर सूर्य-चंद्र असतात. ग्युला शेबेश्त्येन यांनी १९०२ साली या गाण्यांचा मोठा संग्रह छापला. गाण्यांच्या पालुपदातले शब्द आज हंगेरियन माणसालाही धड कळत नाहीत. काही जण म्हणतात ते तालतोशाच्या तंद्रीचे शब्द आहेत, काही जण म्हणतात तसं सिद्ध होत नाही. तिसरी गोष्ट तर अगदीच छोटी. करकोच्यावरचं एक बडबडगीत आहे, त्यात त्याचा रक्ताळलेला पाय बरा करायला शिट्टी, ढोल आणि बोरूचं फिडल येतं. ढोल वाजवून जखम बरी करायची! हजार वर्षं दंड, धर्मसभा, लढाया झाल्या आणि जे राहिलं ते लहान मुलांच्या तोंडी राहिलं.

अठराव्या शतकातल्या चेटकिणींच्या खटल्यांमध्येही 'मी चेटकीण नव्हे, मी तालतोश' असं सांगणारी माणसं सापडतात. खेड्यातल्या कथांमध्ये तालतोश जन्मतःच दात किंवा सहावं बोट घेऊन येतो, दारात येऊन दूध मागतो, नाही दिलं तर वादळ आणतो, आणि बैल होऊन दुसऱ्या तालतोशाशी झुंजतो.

एवढ्याशा धाग्यांवर कोणाचं समाधान होणार? हंगेरियन लोकांना आपलं मूळ कुठलं हा प्रश्न फार छळत आला आहे. आजूबाजूला सगळे जर्मन, स्लाव, रोमानियन, आणि मध्ये यांची भाषा कोणाशीच न जुळणारी. मग शोध पूर्वेकडे सुरू झाला, आणि इथे आपला भारत येतो. शांदोर कोरोशी चोमा हा ट्रान्सिल्व्हेनियातला गरीब पंडित १८१९ साली घरातून निघाला, मॅज्यारांचे भाऊबंद मध्य आशियात कुठेतरी असतील म्हणून. बराचसा पायी चालत तो लडाखला पोचला. झांस्कारच्या थंडीत झांगला इथे बसून तिबेटी शिकला. भाऊबंद काही सापडले नाहीत, पण १८३४ साली कोलकात्यात त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण छापून झालं, आणि आधुनिक तिबेटी अभ्यासाचा पाया घातला गेला. पुढे ल्हासाला जायला निघालेला असताना १८४२ साली दार्जिलिंगला तापाने गेला. त्याची समाधी तिथेच आहे. पुढेमागे दार्जिलिंगला जाणं झालं तर टायगर हिलच्या सूर्योदयाबरोबर तीही बघून या.

चोमाने गेलेला रस्ता चुकीचा होता. आंताल रेगुली हा दुसरा तरुण १८४३ ते १८४५ उत्तर उरल भागात मान्सी आणि खांती लोकांमध्ये हिंडला. मासेमारी आणि शिकारीवर जगणारी ही छोटी जमात, आणि हंगेरियनच्या सगळ्यात जवळच्या भाषा यांच्याच. त्याने त्यांची अस्वलाच्या उत्सवातली गाणी उतरवून घेतली. तब्येत पार खालावून परत आला आणि चाळिशीच्या आत गेला. त्याच्या वह्यांमधलं बरंचसं लागेना, ते लावायला पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांना परत तिकडे जावं लागलं. घरी मात्र या नात्याचं फारसं स्वागत झालं नाही. आम्ही घोड्यावरचे वीर, आमचे भाऊबंद तुर्क आणि हूण असणार, मासे धरणारे कसे असतील? 'माशाचा वास येणारं नातं' अशी त्याची टिंगल झाली. मूळ शोधायचं असतं सगळ्यांना, पण ते आपल्याला शोभेलसं हवं असतं!

आता संगीताकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात हंगेरियन संगीत म्हणून जे जगाला माहीत होतं ते शहरातल्या रोमा (जिप्सी) बँडचं. १९०४ च्या उन्हाळ्यात तेवीस वर्षांचा बेला बार्टोक एका खेड्यात राहायला गेला होता. तिथे ट्रान्सिल्व्हेनियातून आलेली लिदी डोशा नावाची तरुण मोलकरीण काम करता करता गात होती. त्याने ते ऐकलं आणि त्याच्या लक्षात आलं की हे काहीतरी वेगळंच आहे. पुढे झोल्तान कोडाय आणि तो, दोघे एडिसनचा फोनोग्राफ आणि मेणाच्या नळकांड्या घेऊन गावोगाव फिरले. १९०६ साली दोघांनी मिळून वीस गाण्यांचं पहिलं पुस्तक काढलं. म्हाताऱ्या बायकांना गायला लावायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. शहरातल्या बाबूला आपली गाणी कशाला हवीत, हा त्यांचा संशय अगदी बरोबर होता.

या धडपडीतून त्यांना गाण्यांचा एक जुना थर सापडला. पाच सुरांची चाल, वरून खाली उतरत जाणारी, आणि चालीचा पहिला अर्धा भाग पाच सूर खाली सरकवून पुन्हा म्हटलेला. आपल्या भूपाची सवय असलेल्या कानाला ही गाणी पटकन ओळखीची वाटतात, माझं तरी असंच झालं. युरोपात आसपास कुठे हे दिसत नव्हतं. मग कोडायला व्होल्गा नदीकाठच्या मारी लोकांच्या गाण्यांत अगदी हीच रचना दिसली आणि १९३४ साली त्याने त्यावर निबंध लिहिला. मारी लोकांची भाषा हंगेरियनची लांबची नातलग. झालं, मूळ सापडलं!

पण थांबा. १९३६ साली बार्टोक तुर्कस्तानात गेला आणि अनातोलियातल्या गावांमध्ये त्याला तशाच चाली मिळाल्या. तुर्कांची भाषा तर वेगळ्याच कुळातली. पुढे १९५८ पासून वीस वर्षं लास्लो विकार हा संगीत अभ्यासक व्होल्गाकाठी जाऊन ध्वनिमुद्रणं करत राहिला. त्याला दिसलं की खाली सरकणारी ती चाल सगळ्या मारी लोकांत नाहीच. मारी आणि त्यांचे शेजारी चुवाश यांच्या सीमेवरच्या एका छोट्या पट्ट्यात ती आहे. आणि चुवाश भाषा तुर्की कुळातली. म्हणजे हंगेरियनांची भाषा एका वाटेने आली, गाण्याच्या जुन्या चाली दुसऱ्याच वाटेने. एकाच माणसाच्या तोंडातले शब्द एका घराण्याचे आणि सूर दुसऱ्या घराण्याचे.

शामानांच्या बाबतीतही असंच झालं. विल्मोश डिओसेगी हा अभ्यासक हंगेरियन लोककथांमधला तालतोश आणि सायबेरियातला शामान एकच, हे सिद्ध करायच्या ध्यासाने पेटलेला होता. १९५७-५८ मध्ये त्याला सोव्हिएत सायबेरियात जायची परवानगी मिळाली. स्टालिनच्या काळात शामानांचे ढोल जप्त झाले होते, कित्येकांना तुरुंगात टाकलं होतं. उरलेल्या म्हाताऱ्या शामानांना गाठून, त्यांची भीड चेपवून त्याने त्यांची गाणी मुद्रित केली. १९५८ सालीच त्याचा हंगेरियन शामानी श्रद्धेच्या अवशेषांवरचा मोठा ग्रंथ आला. जादाचं हाड, आजारपण, जगाचं झाड, बैलांची झुंज, असे एकेक पुरावे त्याने मांडले. १९७२ साली वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी तो गेला. त्याच्यानंतर गाबोर क्लानित्साय, एवा पोच अशा अभ्यासकांनी तेच पुरावे परत तपासले आणि सांगितलं की वादळाशी लढणारा, जन्मखूण घेऊन येणारा असा माणूस शेजारच्या क्रोएशियन, सर्बियन आणि उत्तर इटलीतल्या श्रद्धांमध्येही आहे. शिवाय तालतोशाच्या गोष्टीत ढोल आणि चारचौघांसमोरची तंद्री जवळपास नाहीच. तेव्हा हा सगळा वारसा थेट सायबेरियातून आला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

काका इथे म्हणतील, म्हणजे खोटंच की सगळं! जरा धीर धरा.

कारण याच १९७२ साली, ६ मे रोजी, बुडापेस्टच्या लिस्त चौकात एक वेगळीच गोष्ट घडली. नाच बसवणाऱ्या काही गटांतली मुलं जमली आणि त्यांनी ट्रान्सिल्व्हेनियातल्या सेक गावी जसे नाचाचे कार्यक्रम होतात तसा कार्यक्रम शहरात केला. प्रेक्षकांसाठी नव्हे, स्वतःच नाचायसाठी. फेरेंत्स शेबो आणि बेला हाल्मोश वाजवायला होते. याला 'तांत्सहाझ' म्हणजे 'नाचघर' म्हणतात. दुसऱ्या वर्षी 'मुझिकाश' हा बँड निघाला. 'द इंग्लिश पेशंट' सिनेमात एका बाईचा काळीज चिरणारा हंगेरियन आवाज आहे, आठवतोय? ती मार्ता शेबेश्त्येन, गाणं मुझिकाशबरोबरचं. ही शहरी पोरं सुट्टीत टेपरेकॉर्डर घेऊन ट्रान्सिल्व्हेनियाला जायची, म्हाताऱ्या वादकांच्या शेजारी बसून शिकायची. ट्रान्सिल्व्हेनिया तेव्हा चाउशेस्कूच्या रोमानियात, हे काही सोपं काम नव्हतं. २०११ साली युनेस्कोने वारसा जपण्याचा नमुना म्हणून या पद्धतीची नोंद केली.

हंगेरीत तेव्हा काडारची कम्युनिस्ट राजवट होती. कलेचे तीन कप्पे होते: सरकारची मदत असलेली, चालवून घेतलेली आणि बंदी घातलेली. नाचघरं साधारण मधल्या कप्प्यात. १९७५ साली ग्रांपिएरने पहिला बँड काढला तो मात्र तिसऱ्या कप्प्याच्या दारातच उभा होता. नाव 'वाग्ताझो हालोत्केमेक', 'चौखूर धावणारे प्रेततपासनीस'. नावापासूनच पोलिसांना आवडणार नाही अशी सोय! विजेच्या गिटारी, ढोल, आणि बेभान ओरडणं. कार्यक्रम बंद पाडले जायचे, देशात तबकडी निघत नव्हती. पहिली तबकडी १९८८ साली, तीही पश्चिम जर्मनीत. १९८४ साली ग्रांपिएरने एक निबंध लिहिला होता, पंक म्हणजे शामानी लोकसंगीताचा पुनर्जन्म आहे, अशा अर्थाचा. तो काही पुरावे मांडत नव्हता. त्याचं म्हणणं इतकंच, की माणसाला स्वतःच्या बाहेर काढणारं संगीत पूर्वी होतं आणि ते आपल्याला परत करता येईल.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९८३ च्या ऑगस्टमध्ये, बुडापेस्टच्या बागेत 'राजा इश्त्वान' हा रॉक ऑपेरा झाला. त्यात तो चार तुकडे झालेला कोपानी आणि त्याचा तालतोश तोर्दा स्टेजवर परत उभे राहिले. अनेकांनी इश्त्वानमध्ये काडार पाहिला आणि कोपानीत १९५६ चे हरलेले लोक. हजार वर्षांपूर्वीचं भांडण लोकांना आजचं वाटलं, कारण आजचं उघड बोलता येत नव्हतं.

राजवट १९८९ साली गेली. हालोत्केमेक २००१ मध्ये थांबला आणि २००५ मध्ये ग्रांपिएर सगळी विजेची वाद्यं बाजूला ठेवून 'अद्भुत हरीण' घेऊन आला. लोकसंगीताची वाद्यं तोपर्यंत नाचघरांमुळे शहरात सहज मिळू लागली होती, ती शिकवणारेही होते. 'कोबोझ' नावाचं आखूड मानेचं तंतुवाद्य, 'दोरोम्ब' म्हणजे आपलं मोरचंग, आणि 'युत्योगार्दोन' नावाचं एक भन्नाट वाद्य. दिसायला ओबडधोबड चेलोसारखं, पण वाजवायचं काठीने. एका हाताने तारांवर काठी मारायची, दुसऱ्याने तार खेचून सोडायची. ट्रान्सिल्व्हेनियाच्या पूर्व टोकाच्या ग्यिमेश खोऱ्यात नवरा व्हायोलिन वाजवायचा आणि बायको हे गार्दोन. तारा असलेला ढोलच म्हणा ना. आणि खरं सांगायचं तर गिटारींच्या गोंगाटापेक्षा साध्या वाद्यांवर हे संगीत जास्त अंगावर येतं.

नव्या बँडची पहिली सीडी २००६ साली आली. तिचं नाव 'तिस्ता फोर्राश', म्हणजे 'स्वच्छ झरा'. आला की नाही झरा परत?

हे नाव ऐकलं की हंगेरियन माणसाला बार्टोकचं १९३० सालचं 'कांताता प्रोफाना' आठवतं. त्यातली गोष्ट अशी. एका म्हाताऱ्याला नऊ मुलगे. त्याने त्यांना शेती, धंदा काही शिकवलं नाही, फक्त शिकार. मुलं हरणाच्या मागावर जंगलात खोल जातात, एक पूल ओलांडतात आणि स्वतःच हरणं होतात. बाप शोधत येतो, बाण लावतो, तेवढ्यात थोरला मुलगा बोलतो. बाप विनवतो, घरी चला, आई वाट बघतेय, दिवे लावून ठेवलेत. मुलगा सांगतो की आमची शिंगं आता घराच्या दारातून आत येणार नाहीत, आणि आमचं तोंड पेल्याला लागणार नाही, आम्ही स्वच्छ झऱ्याचंच पाणी पिणार. पुढे 'स्वच्छ झऱ्यातूनच' हे हंगेरीत बोधवाक्यच झालं. अस्सल तेच घ्या, भेसळ नको, अशा अर्थाने.

आणि गंमत बघा. ही गोष्ट हंगेरियन नाहीच! बार्टोकने ती १९१४ साली ट्रान्सिल्व्हेनियात रोमानियन शेतकऱ्यांकडून मिळवली, त्यांच्या हिवाळी सणाच्या गाण्यांमधून. हंगेरियन अस्सलपणाचं सगळ्यात लाडकं वाक्य रोमानियन गाण्यातून आलेलं आहे.

बार्टोकला हे अर्थात माहीत होतं. त्याने जमवलेल्या चालींचे ढोबळ आकडे असे: हंगेरियन सुमारे २७००, रोमानियन सुमारे ३५००, स्लोव्हाक सुमारे ३०००. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या तहात हंगेरीचा दोन तृतीयांश मुलूख गेला, ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियाकडे गेलं. त्याच साली रोमानियन लोकसंगीतावर लिहिल्याबद्दल बार्टोकवर देशद्रोहाची टीका झाली. तो बधला नाही. पुढे नाझींचा वारा वाहू लागला तेव्हा १९४० साली देश सोडून अमेरिकेत गेला. तिथे १९४२ साली त्याने संगीतातल्या वंशशुद्धतेवर एक छोटा निबंध लिहिला. आयुष्यभर चाली गोळा केलेल्या माणसाने अनुभवाचं सांगितलं, की एका लोकांची चाल शेजाऱ्यांकडे जाते, तिथे बदलते, बदलून परत येते, आणि त्यातूनच संगीत श्रीमंत होतं. भिंती घातल्या की ते सुकतं. १९४५ साली तो न्यूयॉर्कमध्ये गेला.

मुझिकाशने १९९३ साली 'मारामारोश' नावाची सीडी काढली, तीही इथे सांगायलाच हवी. ट्रान्सिल्व्हेनियातल्या ज्यूंच्या लग्नांत वाजणाऱ्या चाली त्यात आहेत. वाजवून घेणारे ज्यू १९४४ मध्ये आउश्वित्झला नेले गेले. चाली राहिल्या त्या रोमा वादकांच्या स्मरणात, जे पूर्वी त्या लग्नांत वाजवायला जायचे. ज्यूंच्या चाली, रोमा वादकांनी जपल्या, हंगेरियन पोरांनी शिकल्या. या झऱ्याचं पाणी कोणाच्या मालकीचं?

हे सगळं मी एवढं लांबण लावून का सांगतोय? कारण 'मूळ' या शब्दाचा कैफ फार लवकर चढतो. हंगेरीत पूर्वेच्या वीर रक्ताची भाषा करणारे गट शंभर वर्षांपूर्वीही होते आणि आजही आहेत. ढोल, घोडे, तालतोश हे सगळं त्यांनाही हवंच असतं. बाहेरच्यांना हुसकायला मूळ फार उपयोगी पडतं. पण त्याच केझाईच्या बखरीत जरा पुढे वाचलं तर काय आहे? हरिणीच्या मागे आलेल्या दोघा भावांनी बायका केल्या त्या परक्या टोळ्यांमधल्या, एकेकाने अलान सरदाराची मुलगी केली. आणि बाईसाठी हंगेरियन भाषेत रोजच्या वापरातला शब्द आहे 'अस्सोनी', तोही अलानांच्या भाषेतून आलेला. म्हणजे त्यांच्या पहिल्या कथेतली पहिली आईसुद्धा शेजारच्या घरची.

तर काकांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. ज्या अर्थाने जुना कागद खरा असतो त्या अर्थाने हे संगीत खरं नाही. हजार वर्षांपूर्वीचं गाणं कोणालाही माहीत नाही, ग्रांपिएरलाही नाही. हे आजचं संगीत आहे. त्यात बार्टोकने ऐकलेल्या म्हाताऱ्या बायका आहेत, ग्यिमेशच्या गार्दोनवाल्या आहेत, सायबेरियातल्या घाबरलेल्या शामानांच्या ध्वनिफिती आहेत, रोमानियन शेतकरी आहेत आणि काडारच्या काळात कोंडलेल्या पोरांचा आरडाओरडाही आहे. हे सगळं मान्य करून ऐकलं तर ते मला अगदी खरं वाटतं. १०९२ सालीही झऱ्यावर जाणाऱ्या बाईला पाणी कुठल्या डोंगरातून येतं ते ठाऊक नसणारच. तिला तहान होती, श्रद्धा होती, आणि बैलाच्या दंडाची भीती असूनही ती जात होती.

असो. ज्यांना ऐकायचंय त्यांनी या क्रमाने ऐका असं मी सुचवेन. आधी एखादं जुनं पाच सुरांचं हंगेरियन गाणं, नुसत्या गळ्याचं, वाद्याशिवाय. मग मुझिकाशची 'मारामारोश'. मग 'कांताता प्रोफाना', जेमतेम वीस मिनिटांची आहे. आणि शेवटी 'अद्भुत हरीण', आवाज जरा मोठा करून. शेजारी तक्रार करतील, त्यांनाही बोलवा.